उमाजी नाईकांचा तुरुंग फलकावरून पुसू नका : स्मारक समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि स्मारक समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम जय मल्हार.

कंपनी सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या राजे उमाजी नाईकांच्या स्मारकासाठी तुम्ही जी धावपळ केलीत, तिची मला जाणीव आहे. जागेचा उतारा काढण्यापासून पुढाऱ्यांच्या दारात ताटकळण्यापर्यंत सगळं तुम्ही निभावलंत. वर्गणीदार म्हणून मी लांबून पाहत होतो आणि मनातून खूश होतो. गेल्या बैठकीत मंजूर झालेला माहिती-फलकाचा मजकूर वाचला आणि गप्प बसवेना. हा मजकूर आता ग्रॅनाइटवर कोरायला जाणार आहे. कागदावरचं खोडता येतं, दगडावरचं पुढच्या दोन-तीन पिढ्या तरी कुणी खोडत नाही. म्हणून घाईघाईने लिहितो आहे. उघड लिहितो आहे, कारण फलकही उघड्यावरच लागणार आहे.

समाजातल्या दोन शिकलेल्या पोरांनी मेहनतीने तयार केलेला पहिला मसुदा माझ्याकडे आहे. मंजूर झालेला मजकूरही आहे. दोन्ही शेजारी ठेवले की काय गळलं ते लगेच दिसतं. पनवेलच्या वाटेवरची सावकाराच्या खजिन्याची लूट गेली. त्यापायी झालेला तुरुंगवास गेला. कंपनी सरकारशी तह होऊन नाईकांनी काही काळ सरकारी पगार घेतला, तेही गेलं. त्यांना धरून देणारे कोण होते, याच्या जागी ‘काही गद्दार’ एवढंच उरलं. आणि तुरुंगवासाच्या जागी एक नवंच वाक्य आलं : ‘बालपणापासूनच लेखन-वाचनात निपुण.’

या शेवटच्या वाक्याने मला हे पत्र लिहायला बसवलं.

आधी माझं नातं सांगतो. मी रामोशी. माझे आजोबा रोज तिन्हीसांजेला चावडीवर हजेरी द्यायला जात. गुन्हा काय, तर या घरात जन्मले. परगावी लग्नकार्याला जायचं तर आधी दाखला घ्यायचा, परत आल्यावर तोंड दाखवायचं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यावरही बसला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून गेला. म्हणून तर आपण विमुक्त. आजोबा ‘हजेरी’ हा शब्द घरात कुणाला उच्चारू देत नसत. शाळेतल्या हजेरीलाही आमच्या घरी ‘पट’ म्हणत.

दुसरं नातं नोकरीचं. मी कारागृह विभागात लिपिक होतो. कैद्यांची वॉरंटं तपासायची, हिस्ट्री तिकिटं (प्रत्येक कैद्याची सगळी नोंद असलेला कागद) लिहायची, माफीचे दिवस धरून सुटकेची तारीख काढायची. खटला चालू असलेले कच्चे कैदी, शिक्षा झालेले पक्के कैदी, आणि ज्यांना सगळे ‘नेहमीचे’ म्हणत ते. या नेहमीच्यांत आपल्या आणि पारध्यांच्या पोरांची आडनावं किती वेळा येत, हे मला लिहून लिहून पाठ झालंय. गावात कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीवर जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यामुळे तुमच्या मनात काय चाललं असेल ते मला कळतं. बैठकीत एकजण म्हणाले म्हणे, ‘आधीच आपल्या कपाळावर शिक्का आहे, आता आपल्याच पैशाने तो दगडावर कशाला कोरायचा?’ हे बोलणाऱ्याचा राग येत नाही. माझे आजोबाही हेच म्हणाले असते. पण आजोबांकडे दुसरा उपाय नव्हता. आपल्याकडे आहे, आणि तो वापरायचं सोडून आपण तोंड लपवतो आहोत.

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार तुरुंगाची.

उमाजी दादाजी खोमणे, जन्म ७ सप्टेंबर १७९१, पुरंदरच्या पायथ्याचं भिवडी. बाप दादाजी नाईक किल्ल्याच्या राखणीतले. आपल्या लोकांचं कामच ते होतं. किल्ल्याचा घेरा, गावाची वेस, रात्रीची गस्त. चोरी झाली तर माग काढायचा, माग लागला नाही तर भरपाई रामोशाच्या अंगावर. म्हणजे आजच्या भाषेत विमा आणि पोलीस दोन्ही आम्हीच, आणि बदल्यात बलुतं, इनामाचा तुकडा, हक्काची भाकरी. १८०३ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावाने पुरंदरच्या राखणीवरून आपल्या लोकांना हटवलं. पुढे १८१८ ला पेशवाईच बुडाली. कंपनी सरकारला किल्ले नको होते, किल्ल्यावरचे राखणदार तर नकोच. पिढ्यान्‌पिढ्या हत्यार हातात असलेला माणूस एका हंगामात बेकार झाला.

एवढं फलकावर नीट लिहिलं की पनवेलची लूट आपोआप समजते. मुंबईच्या सावकाराचा खजिना चालला होता, तो लुटला, पकडले गेले, तुरुंगात गेले. यात लपवण्यासारखं काय आहे? लुटीमागचं कारण लपवलं की ती नुसती लूट राहते. लूटही लपवली की माणूस मुळी बंडावर गेलाच कशाला, याचं उत्तर फलकावर राहत नाही. तुमच्या मजकुरात उमाजी नाईक एका वाक्यात निपुण बालक आहेत आणि पुढच्या वाक्यात एकदम ‘जुलमी इंग्रजी सत्तेविरुद्ध रणशिंग फुंकले’. मधली वर्षं कुठे गेली? वाचणारा शाळकरी पोरगा हे विचारणार.

आणि त्या तुरुंगात ते लिहा-वाचायला शिकले. खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांना या गोष्टीचं नवल वाटलं होतं. ते लिहिणं म्हणजे मोडी, कारण तेव्हा व्यवहाराचा कागद मोडीतच असे. वय पंचविशीच्या पुढचं. आजच्यासारखे साक्षरतेचे वर्ग नाहीत, पाटी-पेन्सिल देणारे गुरुजी नाहीत.

मोठ्या वयात अक्षर गिरवणं काय असतं, ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. एक पक्का कैदी होता, चाळिशीचा, दगड फोडून हाताची बोटं जाड झालेली. वर्गात बसू लागला तेव्हा पेन मुठीत धरायचा, पहार धरावी तसा. कागद फाटायचा. आपलं नाव लिहायला आलं त्या दिवशी त्याने अंगठ्याच्या शाईची डबी माझ्या टेबलावर हाताने बाजूला सारली आणि सही केली. शिरोरेघ ओळीच्या बाहेर गेली होती. पुढे जोडाक्षरं आली. मग एक दिवस म्हणाला, ‘साहेब, माझं तिकीट दाखवा.’ मी दिलं. तो बोट ठेवून वाचत बसला, सरकारने त्याच्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते. वाचून झाल्यावर एका तारखेवर बोट ठेवून म्हणाला, ‘ही चूक आहे.’ आणि ती चूकच होती.

उमाजी नाईकांचा विचार करताना मला हा माणूस आठवतो. १८२६ पासून सरकार त्यांच्यावर जाहीरनाम्यामागून जाहीरनामे काढत होतं. बक्षिसाचा आकडा वाढत वाढत शेवटी १०,००० रुपये आणि ४०० बिघे जमीन इथवर गेला. तोवरच्या कुठल्या पुंडाने सरकारी जाहीरनामा ऐकला असेल दवंडीतून. या माणसाला तो वाचता येत होता. आणि सरकारला जाहीरनाम्यानेच उत्तर द्यायची अक्कल आणि हिंमत त्याच्यापाशी होती. फेब्रुवारी १८३१ चा त्यांचा जाहीरनामा तुम्ही फलकावर मोठ्या अक्षरांत घेतलाय. उत्तम केलंत. युरोपियन दिसला की मारा, त्यांच्या चाकऱ्या सोडा, सरकारला सारा देऊ नका, ज्यांची वतनं बुडाली त्यांनी येऊन मिळा, त्यांना ती परत मिळतील. हा कागद निघाला त्याची पहिली पायरी त्या तुरुंगात आहे. ती पायरी काढून तुम्ही वरचा मजला हवेत उभा केलाय.

म्हणून म्हणतो, ‘बालपणापासूनच निपुण’ हे वाक्य नाईकांचा मान वाढवत नाही, कमी करतं. लहानपणी शिकायला मिळालेला माणूस शिकला यात काय विशेष? बेड्यांत पडलेला रामोशी अक्षरं ओळखायला लागला, हे विशेष. आज तुरुंगात असलेल्या आपल्या पोरांपैकी एखादा सुटून कधी त्या स्मारकासमोर उभा राहिला, तर त्याला वाचायला काय मिळावं असं तुम्हाला वाटतं?

दुसरी तक्रार सरकारी नोकरीची. पकडता येत नाही म्हटल्यावर कंपनी सरकारने गुन्हे माफ केले, जमीन दिली, पगार बांधून दिला आणि डोंगरपट्ट्याचा बंदोबस्त त्यांच्याच हाती सोपवला. तुम्हाला हे अवघड वाटतं, कारण ‘आद्य क्रांतिवीर’ इंग्रजांचा पगार कसा घेईल? अहो, घेतला. सरकार नमलं म्हणून घेतला. ज्या राखणीवरून आपल्या लोकांना हटवलं होतं, तीच राखण नाईकांनी बंदुकीच्या जोरावर परत मिळवली, असंही त्याकडे बघता येतं. ती घडी टिकली नाही, ते पुन्हा डोंगरात गेले आणि मग तो जाहीरनामा आला. पगार चालू असताना जो माणूस तो लाथाडून फासाच्या वाटेला जातो, त्याचं बंड उपाशी माणसाच्या बंडापेक्षा वेगळं आहे. तुम्ही पगार खोडलात आणि ही सगळी उंची खोडलीत.

तिसरी तक्रार थोडक्यात. भोरकडच्या उत्रोळीला १५ डिसेंबर १८३१ ला नाईक सापडले, ते एकेकाळच्या साथीदारांच्या हातून. ‘काही गद्दार’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं बाहेरचं कुणीतरी. घरचेच होते. बक्षिसाच्या आकड्यापुढे माणूस कसा वाकतो, हे पोरांना कळू द्या. कुणाच्या वंशजांना बोल लावा असं मी म्हणत नाही. नावंही नकोत. ‘जुन्या साथीदारांकरवी’ हे दोन शब्द पुरे.

चौथी जरा नाजूक आहे, पण टाळत नाही. तो १८३१ चा जाहीरनामा इंग्रजांना धमकी होती तशी गावांनाही होती. जे गाव सरकारला सारा भरेल त्याची खैर नाही, असं त्यात आहे. त्याआधीही गावांकडून, पाटील-सावकारांकडून वसुली होत होती. पुरंदर आणि सासवडच्या आसपासच्या कुणब्याच्या घरी या काळाच्या ज्या आठवणी असतील, त्या सगळ्याच अभिमानाच्या नसतील. सरकारला द्यावं तर नाईक येणार, नाईकाला द्यावं तर सरकार. स्मारक तालुक्याचं आहे, नुसतं आपल्या समाजाचं नाही. त्या गावांतला माणूस फलक वाचताना त्याला आपलीही एक ओळ सापडली पाहिजे. तशी ओळ लिहिल्याने नाईक लहान होतील ही भीती मला वाटत नाही.

पाचवी तक्रार तुमच्यापेक्षा आपल्या सगळ्यांच्या नजरेबद्दल आहे. वासुदेव बळवंत फडक्यांचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी धामारीला दरोडा घातला. बरोबर कोण होते? आपलेच रामोशी. पुढे फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक पनवेलकडे लूट करून परतताना मे १८७९ मध्ये मारले गेले. फडक्यांचे दरोडे कुठल्याही पुस्तकात झाकत नाहीत, आणि झाकूही नयेत. बंडासाठी पैसा उभा करायचा होता असं कारण तिथे लगेच दिलं जातं. फडक्यांनी एडनच्या तुरुंगात दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि पळाले, हे तर आपण पोरांना रंगवून सांगतो. अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. मग एकाचा तुरुंग शौर्याचा आणि एकाचा लाजेचा, असं का? दरोड्यात हात त्याच वस्त्यांतले, डोंगर तेच, सरकार तेच. ही तफावत बाहेरच्यांनी केली असती तर आपण मोर्चा काढला असता. इथे आपणच, आपल्याच बैठकीत, हात वर करून ती मंजूर केली.

शिक्का कुणी मारला हे एकदा लक्षात घ्या. कायदा करणारे म्हणाले, चोरी यांच्या रक्तात आहे. त्याला उत्तर ‘आमच्यातल्या कुणी कधी चोरी केलीच नाही’ हे होऊ शकत नाही, कारण ते खोटं आहे आणि समोरचा हसतो. उत्तर असं, की हा माणूस राखणदार होता, तुम्ही त्याची राखण काढून घेतलीत, त्याने लूट केली, तुम्ही तुरुंगात घातलंत, तो तिथून शिकून बाहेर आला आणि तुमच्याच राज्याला आव्हान दिलं. यात रक्त कुठे येतं? सगळा हिशेब कामाचा आणि भाकरीचा आहे. पण हे सांगायचं तर लूट आणि तुरुंग दोन्ही फलकावर हवेत.

आता मॅकिंटॉशबद्दल. तुमच्या मजकुरात हे नाव फक्त ‘क्रूर इंग्रज अधिकारी’ म्हणून एकदा येतं. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने उमाजी नाईकांचा पाठलाग केला. पकडल्यावर कैदेत त्यांच्याकडून त्यांची हकीकत काढून घेतली. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात नाईकांना फाशी झाली. प्रेत तीन दिवस पिंपळाला लटकवून ठेवलं होतं. आणि पुढच्याच वर्षी, १८३३ ला, मॅकिंटॉशचं रामोशांवरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत छापून निघालं, त्यात नाईकांचं चरित्र. आज आपण भाषणांतून, पोवाड्यांतून, फ्लेक्सवरून जे काही सांगतो त्यातलं बरंचसं फिरून फिरून तिथूनच आलेलं आहे. शिवाजी महाराजांचा आदर्श नाईकांसमोर होता, हे वाक्य दर जयंतीला टाळ्या घेतं. ते त्यांना पकडणाऱ्यानेच लिहून ठेवलंय. टाळ्यांचं वाक्य घ्यायचं आणि त्याच पुस्तकातला तुरुंग टाकायचा, हा न्याय कुठला?

तो साहेब काही आपला मित्र नव्हता. त्याच्या लिहिण्यात तुच्छता आहे, सरकारची बाजू आहे, आणि गळ्यात फास असलेल्या माणसाने त्याला काय सांगितलं असेल आणि काय सांगितलं नसेल, हाही प्रश्न आहे. मी कैद्यांचे जबाब पाहिलेत. ऐकणाऱ्याला काय हवंय ते सांगणाऱ्याला चटकन कळतं. म्हणून मॅकिंटॉशचं नाव हवं, आणि त्याच्याकडे संशयाने बघायची सूचनाही हवी. वाचणाऱ्याला ठरवू दे. आपल्याकडे जेजुरीच्या, कडेपठाराच्या, भिवडीच्या ज्या तोंडी गोष्टी आहेत त्याही घ्या, पण ‘सांगतात’ असं म्हणून घ्या. कागद कुठला आणि गोष्ट कुठली, हे वेगळं दिसलं पाहिजे.

(जाता जाता. फ्लेक्सवरचा नाईकांचा चेहरा दरवर्षी जास्त गोरा होत चाललाय. पुरंदरच्या उन्हात आयुष्य काढलेल्या माणसाचा तो रंग नव्हे. पुतळ्याच्या वेळी तरी शिल्पकाराला सांगा.)

तर माझ्या मागण्या.

ग्रॅनाइटचं काम लगेच थांबवा. कारागिराला दिलेला आगाऊ पैसा बुडत असेल तर तो आम्ही काही वर्गणीदार भरून देऊ, तेवढं बोलणं मी करून ठेवलंय.

पहिला मसुदा पुन्हा समोर घ्या. पनवेलची लूट, तुरुंगवास, तुरुंगात आलेलं लिहिणं-वाचणं, सरकारी पगार आणि साथीदारांची फितुरी, या गोष्टी परत घाला. भाषा हवी तर मऊ करा, घटना मात्र तशाच राहू द्या. ‘बालपणापासूनच निपुण’ हे वाक्य काढा.

राखणदारी कशी होती आणि ती कशी गेली, यासाठी वेगळा फलक करा. तो मुख्य फलकाच्या आधी लावा, कारण वाचणारा तिथून आत येतो. शेवटी एक छोटा फलक हजेरीचा : १८७१, १९११, १९५२. ज्या घरांत हजेरीचे दाखले, जुने कागद शिल्लक असतील त्यांच्याकडून छायाप्रती मागवा. आमच्या घरात काही उरलं नाही, आजोबांनी सगळं चुलीत घातलं. दुसऱ्या घरांतून नक्की मिळेल. म्हाताऱ्या बायकांना विचारा, पुरुषांना नको. पुरुष सांगत नाहीत.

मजकूर मंजूर करण्याआधी तो महिनाभर लोकांसमोर ठेवा. ग्रामपंचायतींत लावा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवा, हरकती लेखी घ्या. आपल्या समाजाबाहेरच्या माणसांच्याही घ्या. इतिहासाचा एक आणि मोडी वाचणारा एक, असे दोन जाणकार समितीवर घ्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनी सरकारच्या काळाचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) पडले आहेत. आपल्या पोरांना मोडी शिकवायला एखादा सुट्टीतला वर्ग काढलात तर उद्या ते कागद तेच वाचतील. पुतळ्याची उंची दोन फूट कमी करून या वर्गाचा खर्च निघतो. पुतळा किती फुटांचा याला मला तरी फार महत्त्व वाटत नाही, तुम्हाला वाटत असेल तर त्यावर भांडत नाही.

आणखी एक. पहिला मसुदा लिहिणाऱ्या दोन्ही पोरांना बैठकीत बोलू दिलं नाही, असं कानावर आलं. खरं असेल तर पुढच्या बैठकीत त्यांना आधी बोलू द्या. त्यांनी जेवढं वाचलंय तेवढं आपल्यापैकी कुणी वाचलेलं नाही.

वर्गणी मी परत मागणार नाही, आणि समिती सोडून दुसरी चूल मांडण्यातलाही मी नाही. या पत्राला लेखी उत्तर मात्र हवं, पुढच्या बैठकीच्या आत. मजकूर आहे तसाच कोरला गेला, तर उद्घाटनाच्या दिवशी पहिला मसुदा स्वतःच्या खर्चाने छापून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात देईन. मंडपात येणार नाही, घोषणा देणार नाही. फाटकाबाहेर उभा राहीन, खाली माझं नाव आणि पत्ता छापलेला असेल. पोलिसांनी विचारलं तर त्यांनाही एक प्रत देईन.

कळावे, लोभ असावा.

तुमचाच एक वर्गणीदार,
निवृत्त कारागृह लिपिक